दाण्यासारखा सुटा आवाज

मन्मथअप्पांच्या घरी गेलं की ते 'या, बसा' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "डावीकडं सरका."

आपण सरकतो. "लई सरकलाव. जरासिक इकडं." आपण इकडं येतो. "हां. आता हलू नका. मान सरळ." आपण पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे ताठ होतो. मग अप्पा भिंतीशी जातात, एक काळं बटण अलगद फिरवतात, आणि दोन बाजूंच्या दोन भल्या मोठ्या खोक्यांमधून एक अनोळखी माणूस थेट आपल्या कपाळावर बोलायला लागतो, "आज बाजारात तुरीची आवक वाढल्याने..."

तुरीची आवक ऐकून झाली की अप्पा विचारतात, "शब्द सुटा आला का?"

गल्लीतला एकही माणूस या खुर्चीतून सुटलेला नाही. गॅसवाला बसून गेलाय, मीटर बघायला आलेला बसून गेलाय. गेल्या निवडणुकीत मतं मागायला आलेला एक पुढारी हात जोडून आत शिरला, त्यालाही अप्पांनी डावीकडं सरकवलं आणि हवामानाचा अंदाज ऐकवला. तो बिचारा मत न मागताच निघून गेला. खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूच्या खुणा आहेत. झाडताना खुर्ची हलली तर कस्तुराकाकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, ती खुणांवर परत ठेवावी लागते. फरशी पुसताना खुणा पुसल्या गेल्या तर अप्पा पुन्हा कुणाला तरी रस्त्यावरून धरून आणतात.

मी त्यांच्या शेजारी राहते. आई आणि मी, दोघीच. पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास चालवते, म्हणून गल्लीच्या दृष्टीनं कॉम्प्युटरशी संबंधित जगातलं सगळं मला येतं. अप्पांची त्या खुर्चीतली सगळ्यात जुनी गिऱ्हाईक मीच.

अप्पांचा उभा जन्म लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेला. त्यांची आडत होती. औसा, रेणापूरकडचे शेतकरी त्यांच्याकडं माल घालायचे. मूठभर तूर तळहातावर घेऊन, फुंकर मारून, एक दाणा दाताखाली फोडून ते सांगायचे, किती ओल आहे, किती काडीकचरा आहे आणि मालधन्यानं खालच्या थराला काय लपवलंय. आडत बंद केली, पण तोंडातला मोंढा काही गेला नाही. माणसांना ते तसंच जोखतात. नवीन जावई "बारीक दाणा हाय, पर भरलेला हाय." माझा क्लास "चालू माल." आणि आवाजाचं तर विचारूच नका. भसाडा आवाज म्हणजे 'पोतं', टोकदार आवाज म्हणजे 'दाणा', खरखर म्हणजे 'खडा'. डेकवरच्या वरखाली सरकणाऱ्या बटणांच्या रांगेला ते 'चाळण्या' म्हणतात.

डेक म्हणजे त्यांचा तो स्टिरिओ. आमच्याकडं कॅसेट वाजवणाऱ्या कुठल्याही यंत्राला डेकच म्हणतात, पण अप्पांचा डेक खरोखरच डेक या नावाला शोभणारा होता. एक ॲम्प्लिफायर, त्यावर टेप, आणि कंबरेएवढे दोन बॉक्स. तुरीचं एक साल चांगलं गेलं तेव्हा अप्पांनी तो नांदेडहून आणला. काकूंचं माहेर नांदेडचं. सासुरवाडीला गेलेला माणूस साडी-पातळ घेऊन येतो, अप्पा डाळीच्या रिकाम्या ट्रकमधून बारदानावर दोन बॉक्स झोपवून आणि ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन आले. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या खड्ड्यांना ते ड्रायव्हरला म्हणत होते, "हळू बाबा, लेकुरवाळी हाय." काकू ड्रायव्हरच्या बाजूला पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल असं काही म्हटलं गेलं नाही, हे काकू अजून सांगतात.

मी तेव्हा शाळेत होते. त्या डेकनं आमची गल्ली बदलून टाकली. सकाळी अभंग, दुपारी बायकांसाठी भारूड, संध्याकाळी गाणी. गल्लीतल्या कुणाच्याही घरी बारसं असलं तरी डेक अप्पांचाच. भूकंपानंतर सगळे घराबाहेर बाजा टाकून झोपायचे. छताखाली जायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवसांत अप्पांनी एकट्यानं घरात शिरून डेक उचलला आणि ओट्यावर आणून लावला. आम्ही पोरं भजनं ऐकत, भीती विसरत झोपी जायचो. आजही कुठं लांबून टाळांचा आवाज आला की मला गोधडीची ऊब आठवते. ते दिवस वाईट होते, तरी मला ते पुन्हा हवेसे वाटतात, याला काय म्हणावं?

आणि या सगळ्या संगीताला एक कायमची साथ होती. स्वयंपाकघरातून कस्तुराकाकूंचा आवाज यायचा, "अहो, बारीक करा!"

काकूंचा गळा मोठा. गल्लीतल्या महिला भजनी मंडळात पहिला आवाज त्यांचा, बाकीच्या मागून. तो आवाज डेकला भारी पडायचा. "बारीक करा म्हणलं न्हवं!" असं काकू ओरडल्या की गल्लीच्या तोंडाशी सायकलची पंक्चर काढणारा माणूसही हातातला पंप क्षणभर थांबवायचा. अप्पा बटणाला हात लावायचे, एवढंसं कमी करायचे, आणि काकूंची पाठ वळली की पुन्हा होतं तिथं नेऊन ठेवायचे. वर्षानुवर्षं हा खेळ चालला. आम्ही पोरं घर-घर खेळताना त्यात नवरा झालेला "टँडँग टँडँग" करायचा आणि बायको झालेली "बारीक करा" म्हणायची. संसार म्हणजे हेच, अशी आमची समजूत होती.

मग सीडी आल्या, मोबाईल आले, डेकवर काकूंनी विणलेलं कव्हर आलं. अप्पांची एकुलती एक मुलगी नंदा, म्हणजे महानंदा, शिकली, हैदराबादेत नोकरीला लागली आणि तिथंच निजामाबादकडच्या एका तेलुगू मुलाशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. काकूंनी वर्षभर घर डोक्यावर घेतलं. नंतर नातू झाला, जावई तुपाच्या पोळ्या मागून खायला लागला, आणि सगळं निवळलं. निदान आम्हाला तरी तसं वाटलं. नंदा नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा आणि काकू अर्धा अर्धा तास बोलायच्या.

पण दोनतीन वर्षांपूर्वी ते थांबलं. फोन आला की काकू "बरी हाव, जेवलाव, हे बोलतेत बघ" एवढं म्हणायच्या आणि फोन अप्पांच्या हातात द्यायच्या. नंदानं काहीही विचारलं तरी एवढंच. गल्लीनं निकाल लावून टाकला, कस्तुराबाईचा जुना राग परत उफाळून आला. नंदालाही तेच वाटायला लागलं. लहानपणी ती आणि मी एकाच पाटीवर लिहायला शिकलो. ती मला फोन करून विचारायची, "अगं, आई अजून रुसलीय का? मी आता काय केलं?" मी "वय झालंय गं" म्हणायची. म्हातारपणाच्या गळ्यात काहीही अडकवता येतं.

याच सुमाराला अप्पा बहिरे व्हायला लागले.

"काय म्हणलाव? मोठ्यानं बोला. शब्द सुटा येऊ द्या!" हे त्यांचं पालुपद झालं. घरात कुणीही आलं की त्याला ते ओरडून बोलायला लावायचे. त्यांच्या घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा घसा बसलेला असायचा. आणखी एक गंमत सुरू झाली. पाहुणे आले की अप्पा काकूंना चिकटून दिवाणावर बसायचे, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या मधे पसरायचे आणि त्याखाली काकूंचा हात धरायचे. जुन्या मोंढ्यात सौदा असाच व्हायचा. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं रुमालाखाली हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. आता अप्पा या वयात बायकोशी कसला सौदा करतात, यावर गल्लीत बराच विनोद झाला. माझी आई तर तोंडाला पदर लावायची. "शोभतं का बाई हे!"

पण एकदा त्या रुमालानं घोटाळा केला. आई त्यांच्याकडं बसली होती. माझा मामा गच्चीवरून पडला, पाय मोडला, हे डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. नेमकी त्याच वेळी अप्पांना शिंकांवर शिंका आल्या. आणि काकू चेहरा फुलवून म्हणाल्या, "लई चांगलं झालं की बाई! कवाधरनं वाट बघायलाव आमी!"

आई तडक उठून घरी आली. मागोमाग अप्पा आमच्या दारात. "तिची चूक न्हाई. मी बहिरा माणूस. मलाच नीट ऐकू आलं न्हाई, मी तिला भलतंच सांगितलं." यात कशाचा कशाला मेळ नव्हता, पण अप्पांचा चेहरा इतका पडला होता की आईनं विचारलं नाही. पुढं बरेच दिवस तिनं त्यांच्याकडं पाऊल मात्र टाकलं नाही.

मागच्या दिवाळीत नंदानं त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. फोनवर आई टाळते, निदान मोठ्या पडद्यावर समोर तर बसेल, असा तिचा हिशेब. मी तो लावून दिला. सोबत पेरूएवढे दोन स्पीकर आले होते. अप्पांनी ते कानाशी धरले, हलवले आणि माझ्या हातात परत दिले.

"ह्यो माल परत कर. ह्यात नुस्ता फोलपट हाय."

"अप्पा, सगळे हेच वापरतात."

"समदे भेसळीचंबी खातेत. मला माझा डेक ह्याला जोडून दे."

इथून पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातून गेले. जोडायला लागते एकच वायर. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला एक लाल, एक पांढरी. ती मी बाजारातून आणून दिली. मी क्लास घेत असताना अप्पांनी ती स्वतःच जोडली आणि असा आवाज झाला की माझ्या विद्यार्थ्यांनी टायपिंग सोडून बाहेर धाव घेतली. ॲम्प्लिफायरच्या मागं तीन-चार जोड्या भोकं होती. अप्पांनी त्यातलं 'फोनो' लिहिलेलं भोक निवडलं होतं. "नंदीचा फोनच यायचाय न्हवं?" ते म्हणाले. ते भोक तबकड्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरचं असतं आणि त्यातून आवाज कितीतरी पट फुगून येतो, हे त्या दिवशी मीही इंटरनेटवर शोधूनच शिकले.

दुसऱ्या भोकात वायर घातली आणि आवाज आला. पोटातून येणारा, भरदार, जुन्या दिवसांसारखा. मला तर गोधडीच आठवली. पण अप्पांनी हात वर केला.

"खडा हाय. घूं करून आवाज यायलाय मागनं."

मी कान लावला. काही नाही. बॉक्सला कान चिकटवला तेव्हा कुठं बारीकशी घरघर लागली.

"अप्पा, हे तुम्हाला तिथून ऐकू आलं?"

"काय म्हणलीस? मोठ्यानं बोल!" अप्पा म्हणाले आणि लगबगीनं अंगणात गेले.

घरघर अर्थिंगची निघाली. घराच्या मागं अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा घातलेला. पाऊस कमी झाल्यानं तो कोरडा ठाक पडला होता. त्यात पाणी ओतलं की घरघर कमी व्हायची, सुकला की पुन्हा सुरू. आता लातूरच्या माणसाला पाणी जमिनीत ओत म्हणून सांगायचं, म्हणजे सोनाराला सोनं विहिरीत टाक म्हणण्यासारखं. आठवड्यातून एकदा नळ येणार, तोही आला तर. अप्पा भरलेली घागर घेऊन खड्ड्याकडं निघालेले काकूंनी पाहिले आणि गल्ली गोळा झाली.

"अय्यो शिवा! तुळशीला तांब्याभर घाला म्हणलं तर हात आखडतो, आन् खड्ड्याला घागर?"

"खड्ड्याला तान लागलीया," अप्पा म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी खड्ड्याला. गल्लीतल्या बायकाही जाता-येता आपल्या घरचं धुवण त्यात ओतायला लागल्या. अप्पांच्या डेकसाठी आमच्या सगळ्यांच्या घरचा भात शिजत होता असं म्हणायला हरकत नाही. घरघर गेली. मग सुरू झाली ती खुर्ची, ते खडू, आणि ते बाजारभाव.

मी एकदा वैतागून विचारलं, "अप्पा, एवढा चांगला डेक, त्यावर एखादं गाणं लावा की. हे तुरीचे भाव काय ऐकवता?"

"गाणं काय, कुनीबी ऐकतं. मला बोलणं पायजे. दाण्यावानी सुटं." आणि त्यांनी एक चाळणी केसभर वर सरकवली.

पहिला रविवार आला. काकूंना खुर्चीत बसवलं. पडद्यावर नंदा दिसली. ती बोलली, तिचा आवाज बॉक्समधून धडाडून आला, तोच कॉम्प्युटरच्या माईकमध्ये परत शिरला, पुन्हा बॉक्समधून आला, आणि एक शिट्टी अशी सुरू झाली की अंगणातलं मांजर भिंत ओलांडून गेलं. नंदाला तिकडं आपलाच आवाज दोनदोनदा ऐकू येत होता. "आई, तू बोल ना काहीतरी, आई, बोल ना..." असं ती म्हणत होती, ते मला ऐकू आलं. काकूंनी पडद्याकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं, आणि उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

तासाभरानं नंदाचा मला फोन. ती रडत होती. "उठून गेली ना गं? मी बघितलं. मी समोर असतानाही तिला बसवलं नाही. मी यंदा येणार होते, आता नाही येत. कशाला यायचं?"

मला काकूंचा रागच आला. मी तशीच अप्पांकडं गेले. ते खुर्चीशेजारी जमिनीवर बसले होते, हातात ती लाल-पांढरी वायर. आत काकू स्वयंपाक करत होत्या. कुकरची शिट्टी झाली. पुन्हा झाली. पुन्हा. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत राहिल्या, डाळ करपल्याचा वास आला, तरी काकू गॅसकडं पाठ करून शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या. अप्पा उठले, आत जाऊन गॅस बंद करून आले. काकूंनी दचकून वर पाहिलं.

मी दारातच उभी राहिले. अप्पा माझ्याजवळ आले आणि, किती वर्षांनी, हळू आवाजात बोलले.

"मला समदं ऐकू येतं, माय. तिलाच येत न्हाई."

त्यांनी मला ओट्यावर नेऊन सांगितलं. काकूंना ऐकू येणं कमी व्हायला लागलं, ते आधी भजनात कळलं. मागच्या बायका सुरात येईनात असं काकूंना वाटायचं. मग समजलं, आपल्याच कानांचा दोष. डॉक्टरनं मशीन दिलं. काकूंनी ते एक दिवस घातलं आणि काढून मसाल्याच्या डब्यात टाकलं. म्हणाल्या, कानात अख्खा मोंढा भरलाय, भांडी, पंखा, कावळे, सगळं आहे, माणूस तेवढा नाही. आणि अप्पांना शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मंडळात नाही, गल्लीत नाही, नंदाला तर नाहीच.

"पुरुष बहिरा झाला तर लोक म्हणतेत, वय झालं. बाईला म्हणतेत, आता हिला इचारून उपेग न्हाई. घरातल्या बोलण्यातनं तिला काढूनच टाकतेत. म्हून म्हणलं, आपणच व्हावं बहिरं. मला लोक वरडून सांगतेत, तिलाबी ऐकू जातं. जे न्हाई जात ते मी रुमालाखालनं सांगतो. एकदा दाबलं की हाव म्हण, दोनदा दाबलं की न्हाई म्हण, लांब दाबलं की हस. तुझ्या मामाच्या वख्ताला शिंका आल्या आन् हात लांब दाबला गेला बघ."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं.

"आणि नंदाला वाटतं, आई रुसलीय. आता यंदा यायचं नाही म्हणते," मी म्हणाले.

"मालूम हाय मला. पर शपथ घातलीया. फोनवर तिला नुस्तं पोतं ऐकू येतं, माय, दाणा येत न्हाई. कुणीतरी बोलायलंय एवढं समजतं, काय ते न्हाई समजत. ती म्हणती, फोनमधी नंदीचा आवाजच न्हाई, दुसरीच बाई हाय. म्हून मी त्या खुर्चीत समद्या गल्लीला बसवलं. कुठं बसलं, कोणती चाळणी किती वर केली की शब्द सुटा येतो, ते बघायलो. चार लोकांला सुटा ऐकू आला तर तिला निदान निम्मा तर यील." ते थांबले. "लेक म्हणती येत न्हाई म्हून. ती न्हाई आली तर ही काय बोलणार न्हाई कुणाला. पर मला म्हाईत हाय, ती आतून वाळून जाईल."

अप्पांच्या तोंडून मी मोंढ्याबाहेरचं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

मी शपथ मोडली नाही. शिट्टीचं मात्र मनावर घेतलं. बॉक्स भिंतीपासून पुढं ओढले, तोंडं खुर्चीकडं वळवली. कॉम्प्युटरचा माईक बंद केला आणि माझ्या क्लासमधला पदराला लावायचा छोटा माईक आणला. आठवडाभर मी माझ्या घरून बोलायची आणि अप्पा चाळण्या सरकवायचे. जाड आवाजाच्या चाळण्या खाली, बारीक आवाजाच्या वर. माझ्या कानाला तो आवाज टोचायला लागला. "तुला टोचू दे," अप्पा म्हणाले, "तुझ्यासाठी न्हाई ते."

पुढच्या रविवारी नंदाला मी गळ घालून बसवलं. काकू यायला तयार नव्हत्या. अप्पांनी हात धरून त्यांना खुर्चीत आणलं, माईक पदराला लावला, आणि, इतके दिवस सगळ्यांना म्हणायचे तेच, पण अगदी हळुवार, "जरासिक डावीकडं सरक" म्हणाले. काकू सरकल्या. त्यांना ते ऐकू आलं नव्हतं, पण अप्पांच्या हातानं समजलं होतं. मग अप्पा हात सोडून बटणाशी जाऊन उभे राहिले. रुमाल त्यांच्या खांद्यावरच होता.

पडद्यावर नंदा आली. डोळे सुजलेले. ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आई, जेवलीस?"

काकूंची मान एकदम वर झाली. उजव्या बॉक्सकडं बघितलं, डाव्या बॉक्सकडं बघितलं, मग पडद्याकडं. मी श्वास धरून उभी. अप्पा बटण धरून.

"नंदे," काकू म्हणाल्या, "तुला सर्दी झालीया का गं?"

नंदानं तोंडावर हात ठेवला. "हो गं आई," ती म्हणाली, "चार दिवस झाले."

"मंग आल्याचा काढा केलास का? तिथं आलं भेटतं का न्हाई? आन् ह्यो पोरगा का म्हून उघडा फिरायलाय मागं? त्याला स्वेटर घाल आधी!"

आणि सुरू झालं. दोनतीन वर्षांचं साचलेलं सगळं. काढा, नातवाचे दात, जावयाच्या पोळ्या, भजनी मंडळातलं राजकारण, माझ्या आईचा राग, मामाचा पाय. दोन्हीकडच्या दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं. नंदाचा आवाज खिडकीतून गल्लीभर चालला होता. बाहेर एकएक बाई ओट्यावर येऊन उभी राहिली. "नंदे, मी पण हाय गं!" असं कुणीतरी बाहेरून ओरडलंसुद्धा. माझी आई आमच्या दारात येऊन ऐकत होती. "तिकीट काढते आई, उन्हाळ्यात येते," हे नंदाचं वाक्य सगळ्या गल्लीनं एकदम ऐकलं.

काकूंनी खिडकीकडं पाहिलं. बाहेरची गर्दी त्यांच्या लक्षात आली. त्यांनी पदर सावरला, मान वळवली आणि पूर्वीच्या त्या मोठ्या गळ्यानं म्हणाल्या,

"अहो, बारीक करा की! समदी गल्ली ऐकायलीय!"

अप्पांचा हात बटणावर होता. तो हलला नाही.

"काय म्हणलीस?" त्यांनी विचारलं.

"बारीक करा म्हणलं न्हवं!"

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल ओढून डोळ्यांना लावला.

"आनखी एकडाव म्हण," ते म्हणाले.